पवनचक्कीच्या डोक्यावर

मी लक्ष्मण, धनगराचा. गाव आमचं मांजरसुंब्याच्या वरच्या अंगाला, डोंगरपट्ट्यात. हायवेवरून तुमी जाताल तर गाव काई दिसायचं न्हाई, पवनचक्क्या तेवढ्या दिसत्यात, एकापुढं एक, डोंगराच्या पाठीवरून चाललेल्या. त्याच्या खाली आमचं गाव हाय. माझा जलम त्याच माळावरचा म्हना ना, माय मेंढराच्या मागं व्हती अन् तिथंच पोटात दुखाया लागलं, मंग घोंगडी आडवी बांधून बायांनी सोडवली तिला. दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला जायचो, पावसाळ्याच्या तोंडाला परत वर. शाळा बिळा अशीच, चार महिने इथं, चार महिने तिथं, सातवीपर्यंत कशीबशी गेली.

बापाला आमी अण्णा म्हनायचो. अण्णा लई कमी बोलायचे. मेंढरासंगं बोलायचे पर मानसासंगं न्हाई. मंग एक वरीस माळावर सुटाबुटातली मानसं आली, हातात वारा मोजायचं यंत्र, त्यांनी एक बारीक खांब रवला अन् वरीसभर निस्ता वारा मोजला. आमाला हसू यायचं, वाऱ्याचं काय मोजायचं म्हन्लं, हा तर आमच्या कानातच ऱ्हातो. अन् मंग जेसीबी आल्या. रस्ते पडले. माळाच्या मधूनमधून असे पांढरे पट्टे ओढल्यावानी रस्ते, त्याच्यावरून लांबच लांब गाड्या, एका गाडीवर पंख्याचं एकच पातं, वळनावर दगडाची बांधं फोडून त्या गाड्या फिरवायच्या. ज्यांच्या जमिनी व्हत्या त्यांना काई मिळालं. आमची तर चराई, ती कुनाच्या नावावर असती, सांगा. जिथं चांगलं कुसळी गवत यायचं तिथंच तारेचं कुंपन झालं.

अण्णा भांडले न्हाईत. पर त्या दिसापासून पवनचक्कीच्या बुडाला ते कधी गेले न्हाईत. मेंढरं घेऊन लांबून वळसा घालायचे. अन् मी तिथंच वॉचमनची नौकरी धरली. काय करता, लगीन झालतं, पोरगी झालती. घरी सांगितलं तवा अण्णा भाकर खात व्हते, ते हात धुवून उठले, एवढंच. माझ्या पगाराची भाजी त्यांनी खाल्ली, न्हाई म्हनत न्हाई, पर माझ्या कामाचं एक अक्षर कधी इचारलं न्हाई. आनखी एक सांगतो, आमच्या डोक्यावर लाईट तयार व्हती अन् आमच्या घरात अंधार ऱ्हायचा, ती सगळी तारांनी लांब जाती, आमच्या वाट्याला बाकी गावांवानी भारनियमन. माझी माय म्हनायची, लक्ष्मना, वरून एक वायर सोड की रं खाली. तिला वाटायचं माझ्या हातात हाय सगळं.

वॉचमनचा मी हेल्पर झालो अन् हेल्परचा चढनारा मानूस. पवनचक्की आतून पोकळ असती, आत लोखंडी शिडी, सरळ, बिनवळनाची. कमरेचा पट्टा तारेला अडकवायचा अन् चढायचं. मधी दम खायला तीन फळ्या. पहिल्यांदा चढलो तवा दुसऱ्या फळीवर मला रडू आलतं. वर एक खोली असती, गाडीच्या डब्यावानी, आमी डबाच म्हन्तो तिला, त्याच्यात गिअर, जनरेटर सगळं, अन् तोंडाला पंखा. वाऱ्याचं तोंड बदललं की हा डबा पंख्यासगट आपोआप तिकडं फिरतो. फिरवायला मोटारी असत्यात, फिरून झाला की धरून ठेवायला ब्रेक.

आमची मशीन डेन्मार्कची. युरोपातला बारका देश हाय, आपल्या बीडासारखे चार जिल्हे जोडा, झाला देश. तिथं म्हने समुद्रात पवनचक्क्या उभ्या करत्यात. तिथला एक म्हातारा आलता आमाला शिकवायला, पांढरी दाढी, उन्हानं नाक सोललेलं. त्यानं मशीनचं कमी अन् दोराचं जास्ती शिकवलं. वर मानूस जखमी झाला तर डब्याच्या मागच्या झाकनातून दोराला लटकवून खाली कसा सोडायचा, हे त्यानं आमच्याकडून इतक्यांदा करून घेतलं की आमी बेजार झालो. आमचे साईटचे सायेब मराठीत सांगायचे, हा म्हन्तोय पुन्हा करा. आमी पुन्हा एकमेकाला लटकवायचो. अंकुश तर त्याला चिडून म्हनला, बाबा, आता काय सोप्नात बी करू का. त्याला काई समजलं न्हाई, तो हसला.

अंकुश म्हंजे माझा जोडीदार. शिरूर कासारचा. आईबाप ऊसतोडीचे, दर साली कोयता घेऊन जानारे, हा मामाच्या घरी ऱ्हाऊन आयटीआय झाला, इलेक्ट्रिशियन. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षानं ल्हान पर कामात माझ्या पुढं. वायरीला नुसता हात लावला की त्याला कळायचं. मला दादा म्हनायचा. लई बडबड्या, शिडी चढताना बी गप बसायचा न्हाई, अन् मला चढताना बोललेलं आवडत न्हाई, मी म्हनायचो गप बे, दम ऱ्हाऊ दे. तिसरा आमचा रफीकभाई, जीपचा ड्रायव्हर, मांजरसुंब्याचाच. वर दोघं चढले की खाली एकानं थांबायचंच, तो नियम हाय.

तर त्या दिवशीचं सांगतो. उन्हाळ्याचा शेवट, साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हंजे ऊसतोड संपून महिना झालता, अंकुशचे आईबाप घरी आलते. त्याला पोरगी झालती अन् रविवारी बारसं व्हतं. सकाळपासून तो नावंच सांगायलाय, दादा हे कसं, दादा ते कसं. टेकडीच्या टोकाची पवनचक्की बंद पडलती, डबा फिरवायची एक मोटार जळालती, ती काढून दुसरी बसवायची. वारा बेताचा व्हता. ऑफिसात इचारून, पंखा थांबवून, सगळं नियमानं करून आमी चढलो. दुपारपर्यंत जळालेली मोटार खोलून झाली. ऊन असं व्हतं की डब्याच्या पत्र्याला हात लागत नव्हता. अंकुश खाली उतरला, म्हंजे डब्याच्या तळाला, जिथं शिडी संपती अन् डबा सुरू व्हतो, त्या फटीत एक पाय शिडीवर अन् एक वर ठिऊन तो नव्या मोटारीचे नट आवळायलाय. मी वरून पाना धरलेला.

अन् डबा फिरला.

काय सांगू तुमाला, ते फिरनं म्हंजे हातभर बी नसंल. वाऱ्याची एक झुळूक नव्हं, धक्काच आला म्हना पश्चिमेकून, ब्रेकची पकड झिजलेली व्हती हे मागून कळलं, ती सुटली अन् एवढा मोठा डबा, पंख्यासगट, दरवाजा ढकलल्यावानी सरकला. शिडी जागची हालत न्हाई, ती टावरला पक्की. डब्याची लोखंडी चौकट सरकत आली अन् शिडीच्या कडेवर अंकुशचा उजवा पाय घोट्यापाशी धरला. तो वरडला न्हाई. त्याच्या तोंडातून असा आवाज आला जसा मेंढराच्या तोंडातून येतो लांडग्यानं धरल्यावर, तो मी ल्हानपनी ऐकलाय. मंग तो म्हनला,

दादा, पाय अडकलाय माझा.

असं, साधं. जसं काय पाना पडला खाली.

मी वाकून बघितलं. बूट दिसत नव्हता. रगत शिडीच्या पायऱ्यावरून खाली टपकत व्हतं, त्या पोकळीत, अन् खाली लांब कुठंतरी पत्र्यावर त्याचा आवाज यायलाय. गमजा काढला, त्याच्या गुडघ्याखाली आवळला, त्याच्यात पाना घालून पिळला. ते बी त्या म्हाताऱ्यानंच शिकवलेलं. रगत कमी झालं. रफीकभाईला फोन लावला, म्हन्लं अँब्युलन्स बोलाव, पाय गेलाय अंकुशचा. तो बी काई इचारत बसला न्हाई. मंग सायबाला लावला. सायेब बीडला व्हते. ते म्हनले, हलवू नका, दुसऱ्या साईटवरून टीम पाठवतो, ते आनखी दोराचं सामान घेऊन येतेत, त्यांना यायला वख्त लागंल, तवर थांबा.

थांबतो म्हन्लं. अन् मागच्या झाकनातून बाहेर बघितलं तर पश्चिमेला आभाळ काळं झालं व्हतं. वळवाचं. खालून धुरळा उठून येत व्हता, पाटोद्याच्या अंगानं. टावरवर मानूस असताना इजा पडायला लागल्या तर काय व्हतं हे आमच्यात सगळ्यांना म्हाईत हाय, अन् त्याच्या आधी वारा यायचा, अन् वारा आला की हा डबा आनखी सरकायचा, अन् अंकुशचा पाय घोट्यापाशी न्हाई तर वरपर्यंत जायचा, ते सोडा, सगळा अंकुशच चौकटीत जायचा. हे मी त्याला सांगितलं न्हाई. पर तो माझ्याकडंच बघत व्हता. म्हनला, वारा येतोय ना.

मी पुन्हा सायबाला लावलं. सगळं सांगितलं. मंग म्हनले, लक्ष्मण, मी इथून काई सांगू शकत न्हाई, तू वर हायस, तुला दिसतंय ते मला दिसत न्हाई, तुला जे बरोबर वाटतंय ते कर, मी तुझ्या मागं हाय. चांगला मानूस.

डबा फिरवायची जी दुसरी मोटार आधीपासून व्हती ती चांगली व्हती. तिच्या शेपटाला पाना लावून हातानं फिरवली की डबा बोटबोट सरकतो, पर वारा उलटा दाबत असला तर दहा मानसाकडून बी न्हाई सरकायचा. म्हंजे वारा दम खायला थांबंल तेवढ्या वेळातच फिरवायचं, अन् त्याचा जोर पुन्हा यायच्या आत, डबा ज्या चकतीवर फिरतो तिच्या दात्यात काईतरी अडकवायचं, न्हाईतर डबा परत येऊन दुप्पट जोरानं बसनार. सामानाखाली ठिवायचा लाकडाचा ठोकळा व्हता. मोटार फिरवनारा मी एकटा. ठोकळा कुनी घालायचा. दात्याची चकती अंकुशच्या हाताजवळ व्हती.

मी म्हन्लं, तुला जमंल का.

तो म्हनला, दे इकडं. अन् मोटारीवर बसल्यावर माझ्याकडं बघू नकोस, मी सांगन तवा फिरव.

पहिल्यांदा केलं अन् मधीच वारा आला. डबा अर्धा सरकून परत आला. तवा मातर तो वरडला. त्याची मान लटकली, मला वाटलं गेला. मी मोटार सोडून त्याच्यापाशी गेलो, तोंडावर पानी मारलं, म्हन्लं अंकुश, पोरीचं नाव सांग, काय ठरलं नाव. डोळे उघडले. नाव न्हाई सांगितलं. म्हनला, आईला सांगू नका आज. मी म्हन्लं तूच सांग उद्या. मंग तो हात वर करून डब्याच्या पत्र्याला टेकवून बसला, डोळे मिटून, जसा वायरीला हात लावायचा तसा. पत्रा थरथरतोय का, किती थरथरतोय, ते बघायला. बाहेर वारा पंख्याच्या पात्यावर आपटायचा, मंग हळूहळू बारीक व्हायचा, मंग पुन्हा. किती येळा त्यानं वारा तसाच जाऊ देला मला काय म्हाईत. माझ्या घामानं पाना निसटायला लागला, मी अंगातला सदरा काढून गुंडाळला त्याला.

दादा, आता.

मी फिरवलं. असं फिरवलं की खांद्यात काईतरी तुटल्याचा आवाज आला, तो खांदा आज बी वर जात न्हाई, हे बघा. डबा सरकला. ठोकळ्याचा आवाज आला, ठक. अन् लगीच वारा आला अन् सगळा डबा करकरला, लाकूड चिरकलं, पर धरलं त्यानं. मी खाली उडी मारून त्याला काखेत धरून वर वढला. पायाकडं बघितलंच न्हाई. आज बी तुमाला सांगनार न्हाई ते कसं व्हतं.

शिडीनं तर त्याला नेता येत नव्हतं. दोरच, त्याचा एक संच डब्यात कायम ठिवलेला असतो. झाकन उघडलं तर वाऱ्यानं डोळ्यात माती. त्याला पट्ट्यात बसवला, कड्या लावल्या, एक, दोन, पुन्हा तपासल्या, माझ्या डोक्यात तो म्हातारा म्हनत व्हता पुन्हा करा, पुन्हा करा. दोराला एक चकरी असती, ती मानसाला दमानं खाली सोडती, सोडायचं अवघड न्हाई. अवघड वाऱ्याचं. बाहेर लटकला की वारा त्याला झोक्यावानी टावरवर आपटनार. म्हनून त्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दुसऱ्या दोराचं टोक खाली धरून एकानं लांब जाऊन मानसाला टावरपासून दूर ताणून धरायचं असतं. रफीकभाई बिचारा किडकिडीत, दम्याचा आजार. त्यानं दोर धरला, ते बघून मी अंकुशला झाकनाबाहेर सोडला. अन् थोडा खाली गेला न्हाई तर वाऱ्यानं उचललाच त्याला, रफीकभाई दोरासगट फरपटत आला, दोन येळा पडला, अंकुश टावरकडं चाललेला, मी चकरी थांबवली. तो तिथं अधांतरी, फिरत व्हता. मी वरून निस्ता वरडतोय, धर, धर. माझा आवाज तर खाली जातच नव्हता.

तवा मला माळावरून मानूस पळताना दिसला. पांढरा फेटा. मेंढरं मागं तशीच सोडलेली, इकडंतिकडं पांगलेली. मी पळन्यावरून वळखलं न्हाई, अण्णांना पळताना मी कधी बघितलंच नव्हतं. कुंपनाची तार काठीनं खाली दाबून ते आत आले, रफीकभाईच्या हातातनं दोर घेतला, कमरेला दोन वेढे मारले अन् पाठ करून चालायला लागले. उलटं, वाऱ्याच्या तोंडाला. वाकून, एकेक पाऊल. मेंढराचा कळप वाऱ्यात घेऊन जाताना जसे चालायचे तसेच. दोर ताठ झाला अन् अंकुश टावरपासून लांब झाला. मी चकरी सोडली. अण्णांनी एकदा बी वर बघितलं न्हाई. वर कोन हाय हे त्यांना म्हाईत व्हतं का न्हाई कुनास ठावं, नंतर बी मी इचारलं न्हाई.

अंकुश खाली टेकला तवा मोठे थेंब पडायला लागलते अन् पहिली इज गेवराईच्या अंगाला चमकली. मंग मी शिडीनं निघालो. एक खांदा कामाचा न्हाई, पायऱ्या त्याच्या रगतानं चिकट झालेल्या. खरं भ्याव मला तवा वाटलं, आधी वाटायला सवडच नव्हती. दुसऱ्या फळीवर बसलो अन् उठता येईना. टावरमधी गडगडाट असा घुमतो की आपन ढोलात बसल्यावानी. बुडाचा दरवाजा उघडला, उजेड आला, अन् खालून अण्णांचा आवाज आला.

लक्ष्मना, ये बाबा खाली. मी हाय हितं.

तेवढ्यावर उतरलो मी.

अँब्युलन्स घाटात भेटली, तवर रफीकभाईनं जीप अशी चालवली की त्याची त्यालाच आठवत न्हाई. अंकुश जगला. पाऊल काढावं लागलं, घोट्याच्या वर. बारसं त्या रविवारी न्हाई झालं, दीड-दोन महिन्यांनी घरी झालं, मी गेलतो, त्याची आई माझ्या गळ्यात पडून रडली. कंपनीची मानसं आली, फोटो काढले, ब्रेक खोलून नेला. मला दिवसभर बसवून इचारलं, कावून थांबला न्हाईस, कावून टीमची वाट बघितली न्हाई. सायेब माझ्या शेजारी बसून व्हते, म्हनले त्याला मी सांगितलं. टीम पोचली तवा टेकडीवर उभं ऱ्हाता येत नव्हतं असा पाऊस चालू व्हता, ते टीमवाल्यांनी स्वताच लिहून दिलं. त्याच्यानंतर सगळ्या टावरचे ब्रेक तपासले, तीन ठिकानी तसलेच झिजलेले निघाले. म्हंजे बघा.

अण्णांनी त्या दिवशी पांगलेली मेंढरं गोळा करायला रात झाली, दोन कोकरं सापडलीच न्हाईत. दुसऱ्या दिवशी भाकर खाताना मला म्हनले, त्या पोराचं कसं हाय. बस. पर तवापासून रोज इचारायचे, आज चढायचंय का, वारा बघितलास का. दोन साल झाले ते गेले. मेंढरं आता चुलतभावाकडं हायेत.

मी चढतो अजून. घरची म्हन्ती सोडा आता, खांदा असा हाय, अन् पोरगी बी नर्सिंगला हाय, तिचं व्हईल आता. खरं सांगू, आता मी वरचं जड काम करत न्हाई, नव्या पोरांना दोराचं शिकवतो. ते बी बेजार व्हतेत. मी म्हन्तो पुन्हा करा.

अंकुशला कंपनीनं ऑफिसात घेतलं, सबस्टेशनला, नकली पाऊल लावून येतो मोटारसायकलवर. सगळ्या टावरचा वारा त्याच्या पुढं कंप्युटरवर दिसतो. सकाळी बुडाला गेलो की पहिलं त्याला फोन लावायचा. तो जा म्हनला तर चढायचं, थांबा म्हनला तर टावरच्या सावलीत बसून ऱ्हायचं, मंग वीज कमी तयार होऊ दे न्हाईतर मोठ्या ऑफिसातून कुनाचा बी फोन येऊ दे. त्याला कावून म्हनून कुनी इचारत न्हाई. बडबड्या मातर तसाच हाय, वाऱ्याचं इचारलं तर पोरीच्या शाळेचं सांगत बसतो, मी ऐकून घेतो.

चला, तुमी आता निघा, उजेड हाय तवर घाट उतरा. वळनावर खडी सांडलीय, गाडी दमानं घ्या. अन् बीडला पोचलात की एक फोन करा मला. इसरू नका. फोन आल्याबिगर मला आता कुनी बी घरी पोचलं असं वाटतच न्हाई.